सुकेपर्यंत

"आधी बंद कर," मी म्हणाले.

"झाला की. काळा पडला."

"तो नुसता झोपलाय. हे बाजूचं बटण दाबून धर. अजून धर. आता विचारतोय बघ, बंद करू का म्हणून. इथं बोट लाव."

फोन विझला. आईनं तो हातात उलटा करून पाहिला आणि परत सुलटा केला. आम्ही दोघी मागच्या दाराच्या पायरीवर बसलो होतो. तिच्या डाव्या भुवईवर टेंगूळ आलं होतं आणि डोळा अर्धा मिटला होता. आदल्या दिवशी तिनं हाच फोन भांड्यांच्या साबणानं, घासणी लावून धुतला होता. काचेवर चरे उमटले. नानांनी पाण्याचा तांब्या फेकून मारला.

"चष्मा पुसायचं फडकं घ्यायचं. पदर नको, पदरात धूळ असते. कव्हर काढ आधी. पाणी फोनवर नाही टाकायचं, फडक्यावर टाकायचं, तेही थोडंच. पिळून घे. आता हलक्या हातानं, एकाच बाजूनं. जोर नको लावू."

"फिनेल?"

"फिनेल नको, स्पिरिट नको. काच पुसायचा निळा फवारा असतो ना, तोही नको. काचेवर एक पातळ थर असतो, तो निघून जातो. मग बोट लावलेलं कळत नाही फोनला. आणि ही खालची भोकं दिसली? इथून आवाज येतो. इथं पाणी जाता कामा नये."

"इथून आवाज येतो," आई म्हणाली. तिनं त्या भोकांवर अंगठा ठेवला आणि उचलला.

"मग कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि ठेवून द्यायचा. पूर्ण सुकल्याशिवाय चालू करायचा नाही."

"केला तर?"

"आत ओल गेली असेल तर जळतो. कायमचा जातो."

"उन्हात ठेवायचा?"

"उन्हात नको. सावलीत, वाऱ्याला."

"किती वेळ?"

"पाच-दहा मिनिटं."

आईनं मान डोलावली आणि सगळं पुन्हा म्हणून दाखवलं, एकही गोष्ट न विसरता. ती शाळेत गेलेली नव्हती. एकदा ऐकलेलं तिच्या डोक्यातून जात नसे.

नाना, म्हणजे माझे वडील त्र्यंबक आहेर, बाजार समितीत कांद्याचे लिलाव पुकारत. आमच्या तालुक्यात त्यांच्या आवाजाची ख्याती होती. ट्रॅक्टरांच्या रांगेत या टोकाला ते उभे राहिले की भाव त्या टोकाच्या शेतकऱ्याला ऐकू जाई. तोच आवाज संध्याकाळी घरी येई. भाजीत मीठ जास्त झालं की गल्लीच्या कोपऱ्यावरच्या गिरणीत कळे. आईला ते नावानं कधी हाक मारत नसत. 'ए अडाणी' एवढंच. शेजारच्या बाया आईशी बोलताना डोळे खाली घालत, कारण सकाळी ऐकलेलं सगळं त्यांच्या कानात असे.

मग तंबाखूनं घसा धरला. नाशिकला ऑपरेशन झालं आणि स्वरयंत्र काढून टाकलं. गळ्याला खाली एक भोक राहिलं, नाना त्यातूनच श्वास घेत. आवाज म्हणून काही उरलं नाही. शिट्टी नाही की कण्हणं नाही, खोकल्याची नुसती हवा.

मी त्यांना पाटी आणून दिली. पण दिवसभर मी कॉलेजात, घरी एकटी आई, आणि आईला वाचता येत नव्हतं. तेव्हा मी त्यांच्या फोनवर लिहिलेलं मोठ्यानं वाचून दाखवणारं ॲप घातलं. आवाज एका बाईचा होता, सपाट, बँकेत टोकन नंबर पुकारतात तसला. पहिल्या दिवशी तो ऐकून नानांनी फोन गादीवर आपटला. दुसऱ्या दिवशी तो पूर्ण मोठा करून वापरायला लागले.

त्या ॲपमध्ये नेहमीची वाक्यं साठवून ठेवता येत. एक बोट लावलं की वाक्य बोललं जाई. मी घालून दिली होती: पाणी हवंय. गळ्याची नळी साफ कर. श्वास अडकतोय. दुखतंय. आठवडाभरानं पाहिलं तर त्यातलं एकही नव्हतं. नानांनी ती पुसून आपली घातली होती. कुठं मेलीस. तुझ्या बापानं हेच शिकवलं का. ए अडाणी. दिवसभर घरात ती बाई न चिडता, न थकता आईला हे म्हणत राही.

नाना खोकले की गळ्याच्या भोकातून शिंतोडे उडत आणि समोर धरलेल्या फोनवर पडत. म्हणून तो पुसावा लागे, आणि पुसायचं काम आईचं.

मी शिकवलं तसंच ती करू लागली. रोज सकाळी फोन बंद करायची, कव्हर काढायची, फडकं भिजवून पिळायची. मग स्वयंपाकघरातल्या फडताळात, जाळीच्या दारामागं, सुकायला ठेवायची. सुरुवातीला चहा होईपर्यंत. मग अंघोळ-पूजा होईपर्यंत. मग सकाळच्या भाकरी होईपर्यंत. पुढं ती दुपारच्या जेवणानंतरही पुसायला लागली, आणि मग खोकला आला की प्रत्येक वेळी.

नाना टाळ्या वाजवत. ऐकलं नाही की चमच्यानं ताटली बडवत. तेवढ्यानंही नाही झालं की खाटेच्या लोखंडी पट्टीवर तांब्या आपटत.

"सुकतोय," आई आतूनच म्हणे. "ओला चालू केला तर जळतो. हर्षूनं सांगितलंय."

नाना माझ्याकडं पाहत. मी मान हलवे. सांगितलं तर मीच होतं.

एकदा कॉलेजातून लवकर आले तर गल्लीच्या तोंडापासून बडवल्याचा आवाज येत होता. आमच्या दारात शेजारच्या पुष्पाकाकू उभ्या होत्या आणि आई त्यांना हलक्या आवाजात सांगत होती, "असंच चालतं हो आता. भिंतीकडं बघून हातवारे करतात. काय पाहिजे ते त्यांचं त्यांनाच कळत नाही. गळ्याचं डोक्यात गेलंय म्हणतात."

"अगंबाई," पुष्पाकाकू म्हणाल्या. "डॉक्टर म्हणाले?"

"डॉक्टर काय म्हणणार? ते आलं भोगाला."

मी आत गेले. नाना घामानं भिजून खाटेवर बसले होते. त्यांनी बोटानं हवेत फोनचा चौकोन काढून दाखवला. फडताळात फोन होता, काच कोरडी ठणठणीत, सकाळपासून तशीच. मी चालू करून दिला.

त्यांनी पहिलं बोट दाबलं ते कुठं मेलीसवर.

ती बाई दोनदा ओरडली, आणि दारात पुष्पाकाकूंनी कपाळाला हात लावला.

त्याच हिवाळ्यात निवृत्तीकाकांनी माझ्यासाठी स्थळ आणलं. काका नानांचे धाकटे भाऊ, त्याच मार्केटमध्ये आडत्याकडं कामाला. निफाडकडचे बोरस्ते, द्राक्षबागा, एकुलता एक मुलगा. माझं बीएस्सीचं शेवटचं वर्ष होतं आणि पुण्याच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये मला पुढच्या शिक्षणासह काम मिळायचं जवळजवळ ठरलं होतं. मी नानांना ते सांगितलं. त्यांनी टाइप केलं आणि ती बाई म्हणाली, "पोरगी रविवारी दाखवायची. मी शब्द देणार."

मी पाय धरले. त्यांनी पाय बाजूला घेतला आणि तेच वाक्य परत दाबलं.

रात्रभर मला झोप नाही. आईला म्हटलं, "तू काहीतरी बोल ना." आई म्हणाली, "माझं कधी ऐकलंय त्यांनी?" आणि कूस बदलली.

रविवारी सकाळी नाना नवा पांढरा सदरा घालून, गळ्याच्या भोकावर स्वच्छ रुमाल बांधून बैठकीत बसले. पाहुण्यांसमोर काय बोलायचं ते त्यांनी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. मला दोनदा ऐकवलंही. आमच्या घराण्याचं नाव, मुलीचं वळण, आणि शेवटी, 'माझा शब्द म्हणजे शब्द.'

पाहुण्यांची गाडी गल्लीत वळली तेव्हा आई पदराला हात पुसत आली.

"अहो, द्या इकडं. केवढे डाग पडलेत. चार लोकांत असला फोन धरणार?"

नानांनी काचेकडं पाहिलं. डाग खरंच होते. त्यांनी फोन दिला.

पाहुणे आले. मुलाचे वडील, त्यांचे मेहुणे, आणि निवृत्तीकाका. मुलगा गाडी लावून मागून आला आणि दाराजवळच्या खुर्चीवर अंग चोरून बसला. नमस्कार झाले. नानांनी दाराकडं बघून टाळी वाजवली. मी चहा मांडून रिकामा ट्रे घेऊन आत वळत होते. आई फडताळापाशी उभी होती, फोन जाळीमागं.

"सुकतोय," ती बैठकीत येत म्हणाली.

नानांनी पुन्हा टाळी वाजवली. मग समोरची बशी टेबलावर आपटली. चहा सांडला. थोरले बोरस्ते पाय मागं घेत म्हणाले, "असू द्या, असू द्या."

"त्यांना समजत नाही हो," आई म्हणाली.

मी तिला पुरुषांच्या बैठकीत बोलताना कधी ऐकलं नव्हतं. तिचा आवाज इतका मऊ होता की सगळे पुढं झुकले. "ऑपरेशन झाल्यापासून डोक्यावर परिणाम झालाय. सगळ्या गल्लीला माहीत आहे. आम्ही बाहेर बोलत नाही, पण तुम्ही घरचे होणार, तुमच्यापासून काय लपवायचं? कधी शांत असतात, कधी असं. हे कुणाच्या अंगात येईल, पोरीबाळीत उतरेल का, ते डॉक्टरलाही सांगता येत नाही."

नाना उठले. तोंड उघडलं, जबडा हलला, मानेच्या शिरा फुगल्या. लिलावाच्या वेळी ते असेच उभे राहत, पाय फाकवून, हात वर करून. आवाज निघाला नाही. रुमालामागून हवा फसफसली आणि जोराचा खोकला आला. रुमाल सुटला. शिंतोडे थोरल्या बोरस्त्यांच्या धोतरावर पडले.

"दादा, बस," काका म्हणाले. "बस रे बाबा."

नानांनी काकांच्या खिशातलं पेन ओढून काढलं. टेबलावरचा पेपर घेतला आणि कोऱ्या कडेला लिहिलं. घाईत अक्षरं एकमेकांवर चढली. त्यांनी पेपर बोरस्त्यांच्या तोंडासमोर धरला.

मला ट्रेवरून दिसलं. 'बायको खोटं बोलते. मी शहाणा आहे.'

बोरस्त्यांनी वाचलं. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, शंकाही नव्हती. त्यांनी नानांच्या दंडावर हलकेच थोपटलं आणि लहान मुलाशी बोलावं तसं म्हणाले, "हो हो. शहाणेच आहात तुम्ही. बसा आता."

मी त्यानंतर प्रयोगशाळेत खूप माणसांचे चेहरे पाहिले, रिपोर्ट हातात पडतानाचे. नानांचा तेव्हा झाला तसा चेहरा परत पाहिला नाही.

काकांनी माझ्याकडं वळून विचारलं, "हर्षू, काय गं हे? दादाचा फोन कुठंय? त्याला काहीतरी म्हणायचंय."

नानाही माझ्याकडं बघत होते. फोन दहा पावलांवर होता आणि तो काय बोलणार ते मला पाठ होतं.

"फोन सुकतोय, काका," मी म्हणाले.

बोरस्ते चहा न पिता उठले. मुलगा मात्र जाताना दारात थांबला, वाकून नानांच्या पाया पडला आणि मग चप्पल घातली.

काका जरा वेळ ओट्यावर आईशी बोलले. "वहिनी, मला कल्पना नव्हती एवढं झालंय. आता सगळं तुम्हीच बघा." आई पदर डोळ्यांना लावून मान हलवत होती. डोळे कोरडे होते. मी खिडकीतून पाहत होते.

सगळे गेल्यावर तिनं फडताळातून फोन काढला, चालू केला आणि नानांच्या मांडीवर ठेवला. मी भिंतीला पाठ लावून उभी राहिले. आता काय काय ऐकावं लागणार याची मनात तयारी केली. नाना कितीतरी वेळ लिहीत होते, पुसत होते, परत लिहीत होते. शेवटी ती बाई बोलली.

"मी वेडा नाही."

आई सांडलेला चहा पुसत होती. "बरं," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना एकटेच मार्केटला गेले. काय झालं ते ज्यानं त्यांना मोटारसायकलवरून घरी सोडलं त्या हमालानं सांगितलं. ते लिलावाच्या ऐन गर्दीत शिरले, फोन डोक्यावर धरला आणि आवाज पूर्ण मोठा करून बटण दाबलं. मी वेडा नाही. परत दाबलं. मी वेडा नाही. बाईचा आवाज ऐकून आधी दोघं-तिघं हसले. मग कुणीतरी त्यांचीच नक्कल करत, त्यांच्याच चालीत पुकारलं, "मी वेडा नाही एक वार! मी वेडा नाही दोन वार!" आणि सगळ्या रांगेनं मिळून 'तीन वार' म्हटलं. ट्रॅक्टरवरचे शेतकरीसुद्धा. निवृत्तीकाका तिथंच होते. ते हसले नाहीत, पण पुढंही आले नाहीत.

नाना त्यानंतर घराबाहेर पडले नाहीत. ताटली बडवणं थांबलं. आई फोन पुसायला मागे तेव्हा ते मुकाट्यानं देत आणि ती परत देई तेव्हा घेत.

मी उन्हाळ्यात पुण्याला गेले. शिकले, लॅबमध्ये लागले, पुढं माझं लग्न मी ठरवलं त्याच्याशी झालं. या सगळ्याचं मूळ कुठं आहे हे मला ठाऊक होतं आणि ते मी मनात जपून ठेवलं होतं. माझी अडाणी आई, जन्मात कुणासमोर तोंड न उघडलेली, माझ्यासाठी एकदा उघडलं तिनं. नवऱ्याला मी हे लग्नाआधी सांगितलं होतं. सांगताना रडले होते.

मधे बरीच वर्षं गेली. माझी मुलगी वर्षाची झाली तेव्हा तिला घेऊन माहेरी आले. नाना आतल्या खोलीत असत, खूप वाळलेले. आई त्यांचं सगळं वेळेवर करी. अंथरूण स्वच्छ, नळी स्वच्छ, गळ्यावर रोज धुतलेला रुमाल. कुणीही म्हटलं असतं, बाई असावी तर अशी.

दुपारी मुलगी झोपली. आई पुढच्या खोलीत मेथी निवडत बसली होती. आतल्या खोलीचं दार उघडं होतं. मी तिच्याजवळ बसले आणि इतक्या वर्षांत न बोललेलं बोलले.

"आई, त्या रविवारी तू माझ्यासाठी जे केलंस ना, ते मी मरेपर्यंत विसरणार नाही."

"कुठल्या रविवारी?"

"बोरस्ते आले होते तेव्हा."

आईनं एक काडी मोडली. "ते होय. ते तुझ्यासाठी नव्हतं गं."

मला वाटलं ती संकोचानं म्हणतेय.

"स्थळ चांगलं होतं," ती म्हणाली. "मुलगा गुणी होता. जाताना पाया पडून गेला, बघितलंस ना? तिथं पडली असतीस तरी सुखातच राहिली असतीस. मला वाईट वाटलं त्या पोराचं."

"मग का केलंस?"

तिनं आतल्या खोलीच्या दाराकडं पाहिलं. मग आवाज जरा चढवून बोलली, आतल्या खोलीत नीट पोचेल असा.

"तुझ्या मामाची हळद होती. तू पोटात होतीस. मांडवात पंगत बसलेली, माझ्या हातून भाताचं घमेलं निसटलं. तुझे नाना पानावरून उठले. मला हाताला धरून मधोमध उभं केलं आणि लिलाव पुकारला. घ्या रे, एकच नग आहे. अडाणी आहे, पोटुशी आहे, एकावर एक फुकट. दात बघून घ्या, माल परत घेतला जाणार नाही. दोनशे माणूस हसायला लागलं. तुझ्या काकानं बोली लावली, एक पाटी चिंगळी."

चिंगळी म्हणजे बारका, फेकायचा कांदा. मार्केटमध्ये त्याला कुणी विचारत नाही.

"माझा बाप पंगतीत होता," आई म्हणाली. "तोही हसला. जावयाच्या विनोदाला हसावं लागतं. मी उभी होते. मला तोंड होतं, आवाज होता, पण निघाला नाही. तेव्हापासून माझ्या मनात एकच होतं, की यांना एकदा असं उभं राहिलेलं बघायचं. भरल्या बैठकीत. तुझं स्थळ आलं म्हणून बैठक भरली. नाहीतर दुसरं काही निमित्त काढलं असतं मी."

मी झोपलेल्या मुलीच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं. ते सारखंच होतं.

आत खाट करकरली. मग ती बाई बोलली. ॲप तेच होतं, आवाजही तोच, सपाट आणि न थकलेला.

"तिला सांग. ती गंमत होती."

आई हसली. मोठ्यानं, पोट धरून हसली. मुलगी दचकून जागी झाली आणि रडायला लागली.

"ऐकलंस?" आई डोळे पुसत म्हणाली. "तेव्हाही रात्री हेच म्हणाला होता."

आणि तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली.